अजून एक हंगाम पाहू

ग्वाल्हेरच्या आसपासचे तीन प्राणी माझ्या देखत कमी झाले आणि तिन्ही वेळा माझ्या हातात वही होती. त्यामुळे 'ठाऊक नव्हतं' ही सबब मला सांगता येत नाही. ठाऊक होतं, लिहिलेलंही होतं. लिहिलेल्याचा अर्थ लावताना आणि त्यावरून काय करायचं ते ठरवताना मी चुकलो, तेही दर वेळी नव्या तऱ्हेने. पहिल्या वेळी थांबून राहिलो. दुसऱ्या वेळी भलतंच कारण धरून भलतंच काम केलं. तिसऱ्या वेळी आधी घाईने ओरडलो आणि खरोखर ओरडायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलो आणि इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर मागे एखादा विद्यार्थी बसवून गावाबाहेर. पक्षी मोजायला मला कुणी नेमलं नव्हतं. हौस होती आणि हौशी माणसाला असतो तसा एक गर्वही होता: आपण मतं देत नाही, आपण फक्त आकडा देतो. हा गर्व पुढे महागात पडला.

शिवपुरी जिल्ह्यातलं करेरा आणि ग्वाल्हेर जिल्ह्यातलं घाटीगाव या दोन ठिकाणी १९८१ साली माळढोकासाठी अभयारण्यं झाली. महाराष्ट्रातलं नान्नजचं अभयारण्य त्याआधी दोन वर्षं, १९७९ साली झालं होतं. आमच्याकडे माळढोकाला सोनचिरैया म्हणतात. करेऱ्याचं अभयारण्य २०२ चौरस किलोमीटरचं, पण त्यात जंगल असं नव्हतंच. गावं, शेतं, पडीक माळ आणि दिहायलाचं तळं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी ऐंशीच्या दशकात तिथे या पक्ष्याचा अभ्यास केला. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. पहारा बसला, शिकारीला आळा बसला, पक्षी वाढले. मी जायला लागलो तो याच बऱ्या दिवसांत.

माळढोक मोजणं सोपं वाटतं. मीटरभर उंचीचा पक्षी आणि उघडा माळ. पण सहज दिसतो तो नर. उन्हाळ्यापासून पावसाळाभर तो आपल्या ठरलेल्या उंचवट्यावर येतो, गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि घुमतो. तो पार लांबून नजरेत भरतो. मादी मात्र वाळल्या गवताच्या रंगाची. ती जमिनीवर एकच अंडं घालते आणि त्यावर दबून बसते. अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. मी त्याच रस्त्याने, त्याच उंचवट्यांकडे, त्याच महिन्यांत जात राहिलो. नर तिथे असायचे. वहीत मी 'संख्या स्थिर' असं लिहायचो आणि समाधानाने घरी यायचो.

ती नोंद खोटी नव्हती. पण माळढोक बारा-पंधरा वर्षं जगतो. एकही पिल्लू वाचलं नाही तरी म्हातारा नर वर्षानुवर्षं आपल्या टेकाडावर येऊन घुमत राहतो आणि मोजणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. एकूण आकडा सगळ्यात शेवटी उतरतो. त्याच्या कितीतरी आधी पिल्लं दिसेनाशी होतात. माझ्या वहीत पिल्लांसाठी रकानाच नव्हता.

रकाना नव्हता, पण सांगणारा होता. तिथला एक म्हातारा गुराखी मला म्हणाला होता, "मास्साब, बच्चे नहीं दिखते अब. कुत्ते छोड़ते ही नहीं." मी मान हलवली आणि लिहून घेतलं नाही. ऐकीव माहिती वहीत घ्यायची नाही असा माझा नेम होता. बाराही महिने त्या माळावर गुरं चारणाऱ्याने पाहिलेलं ते ऐकीव आणि अधूनमधून स्कूटरवरून येणाऱ्याने पाहिलेलं ते शास्त्रीय, ही वाटणी मला तेव्हा मुळीच विचित्र वाटली नाही.

पुढे नरही कमी दिसायला लागले. त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. माळढोक भटका पक्षी आहे; इथे नाही म्हणजे घाटीगावच्या बाजूला गेला असेल. घाटीगावला जाणारे आमचे मित्र म्हणायचे, तिकडे दिसत नाही म्हणजे करेऱ्याला गेला असेल. दोन्हीकडची तूट आम्ही एकमेकांच्या खात्यात जमा दाखवत होतो. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी मोजायचं, एवढी साधी गोष्ट होती. ती सुचली नाही असं मला आता म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर उत्तर ऐकायची आमची तयारी नव्हती.

त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने मला विचारलं, "सर, खरंच कमी झालेत का? वर कळवू का?" मी म्हणालो, "अजून एक हंगाम पाहू." मला ते जबाबदार माणसाचं उत्तर वाटलं. त्यातली चूक समजायला फार मोठं गणित लागत नाही. समजा दर वर्षी दहा टक्के पक्षी कमी होताहेत. सात वर्षांत निम्मे उरतात. पण वीस-पंचवीस पक्ष्यांच्या मोजणीत चार जास्त किंवा चार कमी दिसणं हे निव्वळ नशिबावर असतं. त्या वरखालीतून दहा टक्क्यांची घट खात्रीने वेगळी काढायची तर बरीच वर्षं मोजत बसावं लागतं. म्हणजे खात्री पटते तोवर वाचवण्यासारखं फारसं काही शिल्लक नसतं. हे मी वर्गात फळ्यावर चुटकीसरशी सोडवून दाखवलं असतं. माळावर उभं राहून ते मला सुचलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून सोनचिरैया गेली. घाटीगावात ती पुढेही काही वर्षं अधूनमधून दिसली आणि मग तिथेही संपली.

करेऱ्याची आणखी एक बाजू आहे आणि तिथेही मी चुकीच्या बाजूला होतो. अभयारण्य झालं तेव्हा आतल्या गावांमध्ये जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली. मुलीच्या लग्नासाठी, औषधपाण्यासाठी शेत विकायचं तर विकता येईना. संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि उभ्या पिकात शिरायला लागले. ज्या पक्ष्याने कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, त्याच्या नावाने गावकऱ्यांना हे सगळं सोसावं लागलं. त्यांचा राग माळढोकावर निघाला. मी मात्र त्या बंधनांचा समर्थक होतो. पावलं लवकर उचलली गेली यातच मला आनंद होता. त्यांचा भार कुणाच्या डोक्यावर पडतोय याकडे मी पाहिलं नाही. उशीर करणं ही चूक आहे, तशीच लवकर पण भलतं करणं हीदेखील आहे.

करेऱ्यातून मी एक धडा घेतला, तोही अर्धवट: थांबायचं नाही. तो धडा मी गिधाडांवर वापरला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात शहराबाहेर मेलेली गुरं टाकायच्या जागेवर गिधाडं दिसेनाशी झाली. पूर्वी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे थवे उतरायचे. गाय किंवा म्हैस बघता बघता हाडांपर्यंत साफ व्हायची. या वेळी मी थांबलो नाही. लगेच कारण शोधलं आणि लगेच सापडलंही. रस्ता रुंद करताना मोठी झाडं पडली होती, गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात, म्हणून झाडं गेली आणि गिधाडं गेली. मी वर्तमानपत्रात लेख लिहिला. कॉलेजच्या मुलांना घेऊन वड-पिंपळाची रोपं लावली. हारतुरे झाले, फोटो छापून आले. काहीतरी केल्याचं समाधान इतकं मोठं होतं की ते काहीतरी कशासाठी होतं हे मागेच पडलं.

माझं कारण चुकीचं आहे हे सांगणारा पुरावा माझ्याच वहीत होता. जी झाडं उभी होती त्यांच्यावरची घरटीही रिकामी होती, हे मी लिहिलं होतं. गुरांची प्रेतं न खाता तशीच सडत पडतात आणि तिथे कुत्री वाढलीत, हेही लिहिलं होतं. झाडांचा तुटवडा असता तर उरलेल्या झाडांवर गर्दी झाली असती. उपासमार असती तर प्रेतं शिल्लक राहिली नसती. आग्र्याच्या पलीकडे भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर झाडं तोडायचा प्रश्नच नव्हता. तिथे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या; १९९६-९७ मध्ये १५० उरल्या आणि १९९८-९९ मध्ये २०. राखलेल्या उद्यानात हे होतंय म्हटल्यावर माझ्या रस्तारुंदीच्या सिद्धान्ताचा निकाल लागायला हवा होता. मी तो सहजासहजी सोडला नाही. मी लेख लिहून बसलो होतो ना.

कारण २००४ साली कळलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाबात मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं. पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर बसले होते. गुरांना दुखण्यावर आणि सुजेवर देतात त्या डायक्लोफेनॅकने हे होत होतं. औषध दिल्यावर जनावर लवकर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडंही मरायची. पुढे हिशेब झाला तेव्हा कळलं की यासाठी शंभरातलं एक प्रेतही विषारी असायची गरज नाही, त्याहून कमी प्रमाण पुरतं. कारण एका प्रेतावर थवाच्या थवा उतरतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. मेलेल्यांची भरपाई होणं शक्यच नसतं.

ते औषध मला अनोळखी नव्हतं. आमच्या मामाच्या गोठ्यात लंगडणाऱ्या म्हशीला त्याचं इंजेक्शन दिलेलं मी स्वतः पाहिलं होतं, आणि म्हैस दुसऱ्या दिवशी उभी राहिली तेव्हा औषधाची तारीफही केली होती. गोठा आणि माळ यांच्यात एकच पाऊल होतं. मी ते टाकलं नाही.

कुणी म्हणेल, कारण ठाऊक नसताना तू तरी काय करणार होतास? बरंच काही. फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडं आणि झाडाखाली पडलेली मेलेली गिधाडं मी पाहिली होती. मान टाकणं हे आजाराचं लक्षण असं तेव्हा आम्ही सगळेच समजत होतो. पुढे कळलं की कडक उन्हात निरोगी गिधाडंही तशी बसतात. पण झाडाखाली पडलेलं ताजं प्रेत हा निर्विवाद पुरावा होता. ते उचलायला वनखात्याची परवानगी लागते, बर्फ लागतो, तपासणारी प्रयोगशाळा लागते. मी खटपट करायला हवी होती ती या परवानगीसाठी. तिथे फोटो निघत नाहीत. कारण माहीत नसेल तेव्हा पहिलं काम कारण शोधण्याचं असतं, आणि तेही कृतीच आहे. मी तर्कालाच निदान समजलो आणि उपचार सुरू केला.

२००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर भारतात बंदी आली आणि मेलोक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध पुढे आलं. पण १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरावं इतकी खाली आली होती. माझ्या वड-पिंपळांपैकी काही जगले. त्यांवर बगळे बसतात.

तिसरी गोष्ट चंबळच्या घडियालांची. महाराष्ट्रातल्या वाचकांनी सुसर म्हणावं, पण ही लांब, चिंचोळ्या तोंडाची, मासे खाणारी सुसर. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून तिचं नाव. ग्वाल्हेरहून मुरैना तासाभरावर आणि तिथून पुढे राजघाटच्या पुलाखाली चंबळ. १९७५ साली सुरू झालेल्या मगर प्रकल्पात इथली अंडी गोळा करून पिल्लं वाढवायची आणि सव्वा मीटरच्या आसपास झाली की नदीत सोडायची, असं काम सुरू झालं. मुरैन्याजवळच्या देवरीच्या केंद्रात आजही ते पाहायला मिळतं. काम इतकं गाजलं की १९९१ साली केंद्र सरकारने 'उद्देश सफल झाला' म्हणून अंडी गोळा करण्याचा आणि पिल्लं वाढवण्याचा पैसा बंद केला. १९९७-९८ मध्ये चंबळमध्ये बाराशेच्या वर घडियाल मोजले गेले. त्यानंतर १९९९ ते २००३ मोजणीच झाली नाही. सगळं ठीक असताना कशाला मोजायचं?

मोजणी पुन्हा सुरू झाल्यावर मी एका होडीत बसलो. घडियाल थंड रक्ताचा प्राणी. हिवाळ्यात ऊन खायला वाळूच्या किनाऱ्यावर येतो आणि तेव्हाच मोजता येतो. आम्ही निघालो त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि नदीला पाणी जास्त होतं. कोट्याच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की खालच्या वाळूच्या पट्ट्या बुडतात. ऊन नाही, वाळू नाही, मग घडियाल कुठून दिसणार? मागच्या नोंदीच्या अर्ध्याहून कमी दिसले. मला मात्र करेरा आठवत होतं. या वेळी 'अजून एक हंगाम' नको. घरी पोहोचायच्या आत मी एका वार्ताहराला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी मथळा झाला: चंबळमधले घडियाल निम्म्यावर.

काही दिवसांनी ऊन पडलं, पाणी उतरलं. त्याच पट्ट्यात दुसऱ्या मंडळींनी मोजलं आणि त्यांना जवळजवळ सगळे दिसले. नदीवरचे कर्मचारी चांगले होते, तोंडावर काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझा फोन उचलला जाण्याआधी दोन-तीनदा वाजायला लागला.

गंमत अशी की घट खरीच होती. प्रजननक्षम घडियाल १९९७ मध्ये अंदाजे ४३६ होते ते २००६ पर्यंत १८२ वर आले होते, आणि २००७ साली आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या प्राण्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. एकूण डोकी मोजताना हे नीट कळलं नव्हतं, कारण वाढवून सोडलेली पिल्लं डोक्यांत भर घालत होती, पण त्यांतली मोठी होऊन अंडी घालण्याइतकी टिकणारी थोडी. पाहायला हवी होती घरटी. माझा निष्कर्ष खऱ्याच्या जवळ होता आणि त्याचा पुरावा मात्र फुसका होता. फुसक्या पुराव्यावर काढलेला बरोबर निष्कर्ष जास्त नुकसान करतो. पुरावा पडला की लोक निष्कर्षही टाकून देतात.

म्हणूनच २००७ च्या डिसेंबरात इटाव्याच्या बाजूला मेलेले घडियाल सापडायला लागले तेव्हा मी गप्प बसलो. एका मुलाने फोन करून सांगितलं. मी म्हणालो, "थंडी कडक आहे, काही मरतातच. थोडं थांबू." शहाणपण म्हणून नव्हे, पुन्हा तोंडघशी पडायची भीती होती. मार्च २००८ पर्यंत शंभरहून जास्त घडियाल मेले. त्यांच्या मूत्रपिंडांतही युरिक आम्लाचे थर सापडले, गिधाडांसारखेच. यमुनेतून आलेल्या मासळीतून विष गेलं असावं असा संशय होता, पण नेमकं विष कोणतं हे पक्कं ठरलं नाही. माझ्या एका फोनने त्यांतला एकही वाचला नसता हे मला ठाऊक आहे. तरी नदीच्या बाबतीत बोलणं आणि न बोलणं हे दोन्ही मी घडियालांकडे पाहून ठरवलं नव्हतं. दोन्ही वेळा मी माझ्या अब्रूकडे पाहत होतो.

या तिन्ही चुकांची मुळं वेगवेगळी आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, मूळ एकच आहे. कोणत्या आकड्याला काय करायचं, हे मी आकडा येण्याआधी कधीच ठरवलं नाही. आकडा हातात आल्यावर ठरवायला बसलं की तो कधीच पुरेसा वाईट दिसत नाही किंवा भलताच भयंकर दिसतो. ते त्या दिवशीच्या मनःस्थितीवर आणि मागच्या खेपेला काय झालं त्यावर अवलंबून. शिवाय प्रत्येक वर्षीचा खालचा आकडा पुढच्या वर्षी नेहमीचा होऊन बसतो. वीस पाहिलेल्याला बारा कमी वाटतात. बारा पाहत आलेल्याला दहा ठीक वाटतात.

हे फक्त आमच्या चंबळ खोऱ्यातलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटावर एक चिमुकलं वटवाघूळ होतं. ते कमी होतंय हे नव्वदच्या दशकापासून नोंदलं जात होतं. उरलेली पकडून पिंजऱ्यात वाढवावीत असा आग्रह शास्त्रज्ञांनी धरला. परवानगी २००९ च्या जुलैत मिळाली. ऑगस्टमध्ये माणसं पोहोचली तेव्हा एकच वटवाघूळ ऐकू येत होतं. २६ ऑगस्टनंतर तेही नाही. उलट अमेरिकेत कॅलिफोर्नियाचं कंडोर गिधाड १९८२ साली जगात २२ उरलं होतं. सगळी पकडावीत की रानात राहू द्यावीत यावर तिथे कडाक्याचं भांडण झालं, पण निर्णय झाला आणि १९८७ पर्यंत शेवटचं रानटी कंडोरही पकडलं गेलं. आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. आपल्याकडे १९६९ साली धर्मकुमारसिंहजींनी माळढोकांचा अंदाज १,२६० चा दिला होता. त्यांची अंडी उचलून कृत्रिम पैदास सुरू व्हायला २०१९ साल उजाडलं, तेही जैसलमेरला, देशभरात जेमतेम दीडशे उरले असताना.

आता मी मोजत नाही, गुडघे साथ देत नाहीत. माझे जुने विद्यार्थी जातात आणि जाण्याआधी माझ्याकडे येऊन वाद घालतात. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहितो. काय मोजणार: एकूण संख्या शेवटी, आधी घरटी, अंडी, पिल्लं, आणि तिथे बारा महिने राहणारा माणूस काय म्हणतो ते. कोणत्या दिवशीची मोजणी धरायची नाही: ढगाळ, पुराची, धुक्याची. आणि कोणत्या आकड्याखाली गेलो तर कुणी, कोणत्या आठवड्यात काय करायचं. हे तिसरं लिहायला सगळ्यात जड जातं, कारण ते लिहिताना प्राणी अजून पुरेसे असतात आणि सगळ्यांना ते अशुभ वाटतं.

सगळ्या कृतींना एकच माप लावायचं नाही, हेही करेऱ्याने उशिरा शिकवलं. घरट्यावर राखणदार बसवणं स्वस्त आहे आणि नको वाटलं तर पुढच्या वर्षी बंद करता येतं. त्यासाठी थोडा संशय पुरे. प्रेत तपासायला पाठवायला तर संशयही नको. पण लोकांच्या जमिनीवर बंधन घालायचं असेल तर पुरावा भक्कम हवा, त्याची मुदत ठरलेली हवी आणि भरपाई आधी हातात पडायला हवी. जे परत फिरवता येत नाही त्यासाठी जास्त खात्री मागायची, आणि प्राणी नाहीसा होणं हेही परत फिरवता येत नाही हे विसरायचं नाही. या दोन वाक्यांमध्ये ओढाताण आहे. ती मला अजून सुटलेली नाही. ती आकडा येण्याआधी, शांतपणे बसून सोडवायला घ्यायची, एवढंच मी शिकलो.

सध्या वाद पाणचिऱ्याचा आहे. नारिंगी चोच पाण्यात बुडवून, पृष्ठभाग चिरत उडणारा हा पक्षी उन्हाळ्यात चंबळमधल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. देशात त्याच्या विणीच्या ज्या मोजक्या जागा उरल्या आहेत, त्यांत चंबळ महत्त्वाची. नदीचं पाणी उतरलं की बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री, कोल्हे, गुरं थेट घरट्यांवर जातात. अलीकडे काठच्या गावांतली माणसं राखणीला बसतात. आमच्या पानावर लिहिलं होतं: अमुक बेटावर घरटी ठरलेल्या संख्येखाली गेली तर त्याच आठवड्यात राखणीला माणूस वाढवायचा आणि त्याच्या मजुरीचे पैसे आम्ही वर्गणीतून उभे करायचे. एका वर्षी तसं झालं. माणूस वाढवला, वर्गणी खर्च झाली. नंतर असं दिसलं की घरटी कमी नव्हती, थोडी वरच्या दुसऱ्या बेटावर सरकली होती.

माझी विद्यार्थिनी चिडली होती. "सर, लोकांचे पैसे उगाच गेले. पुढच्या वेळी आधी खात्री करू." मी तिला वहीत आणखी एक रकाना आखायला सांगितला: 'विनाकारण धावलो.' त्यात तारीख, खर्च, आणि चूक कशी कळली ते लिहायचं. माझी अट एवढीच की हा रकाना कधी पूर्ण रिकामा राहता कामा नये. वर्षामागून वर्षं त्यात एकही नोंद झाली नाही, तर आपण फार हुशार झालो असं समजायचं नाही. आपण ठरवलेला आकडा फार खाली आहे असं समजून तो वर सरकवायचा. तिला हे पटलेलं नाही. पुढच्या विणीच्या आधी आम्ही पुन्हा बसणार आहोत.